हिरवा माणूस 12 सेकंदांचा! असा सिग्नल पाळायचा तरी कसा?

गुडघेदुखी
पुण्यात आमच्या घराजवळच्या चौकात (नाव मुद्दाम लिहीत नाही) पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल बसलाय. परवा आईला घेऊन निघाले. हिरवा माणूस लागला तेव्हा झेब्रा पट्ट्यांवर चार दुचाक्यांची पुढची चाकं. त्यांना वळसा घालेपर्यंतच तीन सेकंद गेले. दुभाजकाशी पोचलो तर माणूस लाल. आई भाजीची पिशवी छातीशी धरून मधेच उभी, पुढून-मागून गाड्या.
मग चिडून मोबाइलवर वेळ लावली. लाल 118 सेकंद, हिरवा 12. रस्ता माझ्या पावलांनी साधारण 21 मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना माणसाच्या चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. म्हणजे धडधाकट माणसालाही साडेसतरा सेकंद हवेत. आई 0.8 ने चालत असेल, तिला 26.
दोन मिनिटं ताटकळून 12 सेकंद मिळणार असतील तर माणूस लाल असतानाच फट शोधणार. लोक सिग्नल मोडतात हे खरं, पण मोडायला शिकवतो तो हा सिग्नलच.

रोखठोक
सगळं खापर दिव्यावर? मी रोज गाडी चालवतो. कानाला मोबाइल, नजर दुसरीकडे, नुसता हात पुढे करून लोक उतरतात रस्त्यावर. ‘हात दाखवा’ एसटीसाठी होतं हो, माझ्या गाडीसाठी नाही! उद्या हिरवा 40 सेकंद केलात तरी हे लालमध्येच घुसणार. आणि मागे रांग लागेल ती वेगळीच. त्यापेक्षा भुयारी मार्ग करा.

गुडघेदुखी
भुयारी मार्गाला जिने असतात. माझा आयडी पुन्हा वाचा.

कोथिंबीरवडी
=)) =))
पण रोखठोकांचं अर्धं पटतं. आमच्याकडे आकडे उलटे मोजणारा सिग्नल आहे. 4 उरलेले असतात आणि कॉलेजची पोरं तेव्हा धावत सुटतात. आकडा दिसला नसता तर थांबली असती. तिकडे गाड्यांचा आकडा 5 वर आला की हॉर्न सुरू, 3 वर निम्म्या दुचाक्या चौकात. दोघांनाही आकडा दिसतो, दोघंही तो आपल्या बाजूने वाचतात.

बर्लिनकर
इथे सिग्नलमध्ये टोपीवाला माणूस असतो. 1961 साली पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाऊ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने काढला. लाल असताना ओलांडलं तर दंड फक्त 5 युरो, त्यामुळे दंडाच्या धाकाने कोणी थांबतं असं मला वाटत नाही. शेजारी लहान मूल उभं असेल तर मात्र रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरही लोक थांबतात, नाहीतर एखादी आजी डोळे वटारते. महत्त्वाचं म्हणजे हिरव्यावर तुम्ही उतरलात की वळणारी गाडी थांबते. पुण्यात आलो की माझे सगळ्यात जास्त हाल हिरव्या माणसावरच होतात, कारण डावीकडे वळणाऱ्याला तो दिसतच नाही.

रोखठोक
आला जर्मनीचा दाखला! तिथली लोकसंख्या बघा, इथली बघा.

सिंगापूरची सून
मग दाट वस्तीचाच दाखला घ्या. इथे 2009 पासून काही सिग्नलच्या खांबांवर ज्येष्ठांनी आपलं कार्ड टेकवलं की हिरवा काही सेकंद वाढतो. सासूबाई टेकवतात आणि मग रमतगमत जातात, आम्ही मागून. सगळ्यांसाठी वेळ वाढवायची गरजच पडत नाही.

पायी_पायी
2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी. जवळजवळ पाचातला एक. आणि आपण सिग्नलमधल्या चित्राचं कौतुक करतो. 2020 मध्ये दादरच्या सिग्नलवर माणसाच्या जागी फ्रॉकवाली बाई झळकली, छानच. पण ती गुडघेदुखींच्या चौकात आली तर तिलाही 12 सेकंदांत पळावंच लागेल.

रोखठोक
त्या 32,825 पैकी सिग्नलवर किती गेले? हायवेवर, अंधारात, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर किती? आकडा मोठा आहे म्हणून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही.

पायी_पायी
हे मान्य. पण म्हणून 12 चे 26 करायला हरकत काय?

रोखठोक
हरकत अशी की ते 14 सेकंद कुणाच्या तरी हिरव्यातून कापावे लागतील, आणि तो माझा असेल. पण 21 मीटरला 12 सेकंद हा हिशेब चुकलाय, एवढं मी गाडीवाला असूनही म्हणतो. फक्त पावलांनी मोजलेला रस्ता घेऊन तक्रार करू नका, पहिल्याच टेबलावर उडवून लावतील.

गुडघेदुखी
रविवारी सकाळी 7 ला जाऊन टेपने मोजणार आहे. दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंय.

रोखठोक
30 मीटरची टेप आहे माझ्याकडे. चौकाचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करा.