बसायला स्टूल नाही, मग दुकान आपलं कसं वाटणार?

काउंटर सात
सहा वर्षं साड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरला होते, आता सोडलंय म्हणून लिहितेय. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, कॅमेऱ्यात दिसलं की वरून फोन यायचा. नावानं कोणी हाक मारायचं नाही, "ए सात, इकडे ये" एवढंच. बाथरूमला जायचं तर वहीत जातानाची वेळ, आल्याची वेळ लिहायची आणि महिन्याच्या शेवटी ती वही सगळ्यांसमोर वाचायचे. मग आम्ही पाणीच कमी प्यायला लागलो, दोघी-तिघींना लघवीचं इन्फेक्शन झालं, माझ्या पोटऱ्यांच्या शिरा अजून फुगलेल्या आहेत.

पण सांगायचंय ते पुढचं. एका श्रावणात एसीचं पाणी भिंतीवरून ओघळून कपाटातल्या पैठण्यांच्या खोक्यांवर पडत होतं. मी बघितलं, शेजारच्या काउंटरच्या मुलीनंही बघितलं, आमची नजरानजर झाली आणि दोघी गप्प राहिलो. कारण दोन महिन्यांपूर्वी एकीनं डाग पडलेली साडी स्वतःहून नेऊन दाखवली होती, तर तिच्याच पगारातून पैसे कापले. चौथ्या दिवशी कुबट वास आला तेव्हा मालकांना कळलं. मी मुळात अशी नाही हो, घरी नळ ठिबकला तर रात्री उठून खाली बादली ठेवणारी बाई आहे मी. तिथे मात्र माझ्या मनात आलं, सातला काय करायचंय? माणसाला नंबर केलं की तो सांगितलं तेवढंच करतो, असं मला वाटतं. तुम्हाला?

कापडवाला, तिसरी पिढी
ताई, वाचून वाईट वाटलं पण पटलं नाही. पगार घेत होतात ना? मग डोळ्यांदेखत माल भिजताना गप्प राहणं ही चूकच, त्याला अपमानाचं कारण देऊ नका. मीही लग्नसराईत दिवसभर उभाच असतो. गिऱ्हाईक आत आलं आणि मुलगी बसलेली दिसली की त्याला वाटतं इथे कोणाला विकायचंच नाही, ते सरळ समोरच्या दुकानात जातं. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर मागच्या दिवाळीत आमचे चार शालू गेले, कॅमेरा नको तर काय करू मी?

काउंटर सात
चूक होती, मी नाकारत नाही, अजून आठवलं की टोचतं. पण दादा, तुमचे पाय दुखले तर तुम्ही गादीवर टेकता, ते ठरवणारे तुम्ही असता, मला साधं बाथरूमला कधी जायचं ते ठरवता येत नव्हतं. आणि गिऱ्हाईक म्हणता तर तेही ऐका. एक आजी नातीच्या लग्नासाठी आल्या होत्या, पुन्हा पुन्हा काठ बघायच्या, आणि मी त्यांच्यावर एवढी खेकसले की त्या पिशवी उचलून निघूनच गेल्या. त्या बिचारीनं माझं काय केलं होतं? सकाळी मला जे ऐकावं लागलं ते मी संध्याकाळी त्यांच्यावर काढलं.

कोचीकर
दहा वर्षं केरळात आहे. कोळिक्कोडला मिठाई तेरुवू म्हणून बाजाराचा रस्ता आहे, तिथल्या दुकानांतल्या बायकांनी पहिल्यांदा मागितलं ते बाथरूम, तेच नव्हतं! विजी पळ्ळित्तोडी या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांची संघटना उभी केली, पुढे बसण्याच्या हक्कासाठी भांडल्या आणि २०१८ मध्ये केरळनं दुकानांचा कायदा बदलून बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनं. कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्यायची हे तर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून आहे. कापडवाले दादा, इथेही साड्यांची मोठमोठी दुकानं आहेत, ती चालूच आहेत.

गिरणगावचा
मी थोडा विरोधात बोलणार. माझे वडील बदली कामगार होते, रोज सकाळी कार्ड घेऊन गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, नंबर लागला तर काम, नाहीतर घरी. याहून कमी किंमत काय करायची माणसाची? पण ते साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले की तुटलेला धागा कधी तसाच सोडला नाही, म्हणायचे मालक कसाही असू दे, कापड माझ्या हातचं आहे. वागणूक वाईट मिळाली म्हणून आपला हात खराब करायचा नाही, एवढंच मला म्हणायचंय.

काउंटर सात
तुमच्या वडिलांना नमस्कार. पण १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांच्या संपात अडीच लाख माणसं एकदम बाहेर पडली, त्यात बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती ना? त्यांना ओरडायला जागा होती, युनियन होती, शेजारी त्याच चाळीतला माणूस होता. आम्ही काउंटरला अकरा जणी, एकमेकींशी बोललो तरी फोन यायचा. बोलता येत नाही तिथे माणूस पाणी पडताना बघत राहतो.

एचआरमध्ये आहे
सोडून जाणाऱ्याकडून आम्ही फॉर्म भरून घेतो, कारणाच्या रकान्यात जवळपास सगळे "घरगुती अडचण" लिहितात. खरं कारण मला नंतर बाहेर चहावर कळतं.

कापडवाला, तिसरी पिढी
बाथरूमची वही आमच्याकडेही आहे, वडिलांच्या काळापासून, कधी विचारच केला नव्हता. ती उद्यापासून बंद. स्टूलचं मात्र मला अजून पटत नाही, स्पष्टच सांगतो. आणि कॅमेरा राहणार.

काउंटर सात
स्टूलवरून भांडू नंतर, सोडणार नाहीये मी. त्याआधी एक करा, कोणी खराब माल स्वतःहून आणून दाखवला तर तिचे पैसे कापू नका. आमच्याकडची ती डागाची साडी दाखवणारी पुढच्याच महिन्यात यायची बंद झाली, कोणाला काही सांगितलं नाही, राहिलेला पगार घ्यायलाही आली नाही. तिचा डबा कितीतरी दिवस कपाटात तसाच होता.