चाळीतला कांदा विकायला हात का धजावत नाही?

चाळवाला_निफाड
एप्रिलात 220 क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, टाकला. तेव्हा भाव क्विंटलला 1,100 होता, म्हणून साठवला. जुलैत पिंपळगावच्या बाजारात चांगल्या मालाला 1,900 पुकारला गेला. धाकटा भाऊ म्हणाला, काढू. मी म्हणालो, पोळ्यापर्यंत थांब, 2,500 दिसतील. पोळा गेला, गणपती बसले, भाव आलाय 1,350 वर. चाळीखाली काळं पाणी गळतंय, वास रस्त्यापर्यंत जातो. 170 क्विंटल उरला असेल, तोही अंदाज.

भाव काय होईल ते विचारत नाही, ते इथं कुणालाच माहीत नाही. प्रश्न माझ्या डोक्याचा आहे. मी पत्त्याला हात लावत नाही, लॉटरी घेत नाही. मग रोज सडताना बघूनही थांबायची ही खाज कुठून येते? त्या 1,900 बद्दल तर असं वाटतं की ते माझ्या खिशात होते आणि कुणीतरी मारले. बायकोने मागच्या महिन्यात दोन बोकड पाच मिनिटांत दिले आणि रात्री गाढ झोपली. मला झोप नाही.

कॉलेजरोडकर
दादा, मी मानसशास्त्र शिकवते. तुमची खाज फार जुनी आहे. 1979 साली डॅनिएल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी लोकांना दोन सोपे प्रश्न विचारले होते. पहिला: 3,000 नक्की मिळतील, किंवा 80 टक्के शक्यता 4,000 ची आणि नाहीतर शून्य. दहातल्या आठांनी नक्कीचे घेतले. मग तोच प्रश्न उलटा: 3,000 नक्की जातील, किंवा 80 टक्के शक्यता 4,000 जाण्याची आणि नाहीतर काहीच नाही. आता 92 टक्के लोक जुगारावर गेले! नफ्यात भित्रा असणारा माणूस तोट्यात धाडसी होतो.

पण तोटा कशाच्या तुलनेत, हे मन ठरवतं. तुमच्या मनाने खुंटी 1,900 ला ठोकली आहे, म्हणून 1,350 हा तोटा दिसतो आणि तुम्ही जुगारावर गेलात. खुंटी 1,100 ला असती तर हाच भाव नफा वाटला असता आणि तुम्ही ट्रॉली भरली असती. वहिनींच्या बोकडांना जुलै नव्हता.

अडत्या_येवला
मॅडमचं बरोबर, पण नफाही खरा नाही भाऊ. 220 गुणिले 1,100, म्हणजे 2 लाख 42 हजार. 170 गुणिले 1,350, म्हणजे 2 लाख 29 हजार 500. भाव वाढला, गल्ला घटला. माणूस क्विंटलचा भाव लक्षात ठेवतो, घट विसरतो. तीस वर्षं बघतोय.

आणि हे टक्क्यांचे प्रश्न कांद्याला लावू नका. तिथं शक्यता ठरलेली असते. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, तिची शक्यता आदल्या दिवशी कोणी मांडली होती?

रात्रपाळी
अडत्याभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. शक्यता माहीत असणं आणि शक्यताच माहीत नसणं, हा फरक फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने 1921 मध्येच केला होता. मेंदूतही तो दिसतो. 2005 च्या एका अभ्यासात लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून पैज लावायला दिली. शक्यता झाकलेली असताना अमिग्डाला, म्हणजे धोक्याची सूचना देणारी बदामाएवढी गाठ, जास्त जागी झाली. कपाळामागचा खालचा भागही. बक्षिसाशी जोडलेला भाग मात्र थंड पडला.

2010 मध्ये अमिग्डालाला इजा झालेल्या दोन स्त्रियांवर प्रयोग झाला. पैशांचं गणित त्यांना नीट कळत होतं, फक्त गमावण्याची ती जादा भीती नव्हती. (मी आयसीयूत नर्स आहे. नातेवाईक सही करताना पेन हातात धरून बसतात, तेव्हा मला हेच आठवतं.)

चाळवालेदादा, एकच विचारते. आज चाळ रिकामी असती आणि हातात 2 लाख 29 हजार असते, तर हाच कांदा, याच वासासकट, तुम्ही विकत घेतला असता?

चाळवाला_निफाड
ताई, वासासकट म्हणालात तिथंच मेलो. फुकट दिला तरी उचलला नसता.

काल चाळीचा पहिला कप्पा फोडला. अंदाज होता त्यापेक्षा कमी सडलाय, पण मोड भरपूर आलेत. निवडून दोन ट्रॉल्या नेल्या, 48 क्विंटल. चांगला 1,410 ला गेला, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, 700 ला. बाकीचा अजून ठेवलाय. भाऊ म्हणाला सगळा काढ, पण तेवढं जमलं नाही. ते 1,900 अजून डोक्यातून गेले नाहीत, खोटं कशाला बोलू.

झोप लागली मात्र. सकाळी सवयीने मोबाईल बघितला. भाव 1,380. तीस रुपये पडला, आणि मला आनंद झाला! चाळीत 120 क्विंटल पडलाय आणि मी भाव पडला म्हणून चहाबरोबर दोन भजी जास्त खाल्ली. मॅडम, याला काय म्हणतात तेही सांगा.