वेबकॉमिकवरून निघालो आणि मानशीवर पोचलो : तुमचे अनुभव लिहा

पणजी
परवा आम्ही कॉलेजचे चौघं जण भेटलो, पातळ भाजी नि मिरचीची भजी मागवली आणि पुढचे दोन तास एका काडीच्या माणसावर भांडलो. एक्सकेसीडी नावाच्या वेबकॉमिकातला तो काळ्या टोपीवाला. २००५पासून चालू असलेलं कॉमिक, त्यातल्या माणसांना ना डोळे ना नाक, नावं तर ते काढणाऱ्या रँडल मुन्रोने बहुतेकांना दिलीच नाहीत, वाचकांनीच ठेवली. टोपी दिसली की समजायचं हा तो. माझं म्हणणं तो दुष्ट नाही, त्याला लोकांचा कंटाळा येतो एवढंच. मित्र म्हणतो, दुष्टच! यावरून गाडी त्याच्या फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर गेली, तिथून पार्किंगवर, आणि बिल आलं तेव्हा आम्ही बांगडा रेशाद करायचा तर व्हिनेगर कुठलं यावर होतो. तुमचं असं कधी झालंय का? कुठल्या पात्रावरून निघालात आणि कुठे पोचलात ते लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

दिवाडी
माझं मोठंच आहे, आधीच सांगते.

२०१३ साली एक्सकेसीडीवर 'टाइम' आलं ते आठवतंय का? २५ मार्चला एकच चित्र, दोन काडीची माणसं समुद्रकाठी बसलीत, एक पुरुष, एक बाई, आणि चित्रावर माऊस नेला की 'थांबा जरा' अशा अर्थाचे तीन शब्द. मग दर अर्ध्या तासाने चित्र थोडंसं बदलायचं, काही दिवसांनी दर तासाने, असं २६ जुलैपर्यंत, एकूण ३०९९ चित्रं! ती दोघं वाळूचा किल्ला बांधतात, एवढंच चाललेलं. लोकांना वाट बघून वेड लागायची पाळी आली, दोन चित्रांमधल्या वेळेला त्यांनी 'न्यूपिक्स' नाव दिलं आणि वेळ त्यातच मोजायला लागले. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्यामुळे मलाही दुसरा उद्योग नव्हता.

तर त्यात पाणी वाढायला लागतं. आम्हा सगळ्यांचा तर्क एकच, भरती. मी आजोबांना लॅपटॉप दाखवला. आजोबांचं अख्खं आयुष्य खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत गेलेलं, मानशीची पावणी, म्हणजे तिथे मासे धरण्याचा लिलाव, घ्यायचे ते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तशी फळी आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, कोणी उघडायला जावं लागत नाही. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, मी चित्रं एकेक करून पुढे नेली, ते गप्प. मग विचारलं, यातले किती दिवस झाले? मी म्हटलं त्यांच्या हिशेबाने दोनतीन तरी. तर म्हणाले, "ही भरती न्हय गो. भरती सहा तास चढता आनी सहा तास देंवता. हें देंवना. खंय तरी बांद फुटला."

देंवता म्हणजे उतरते. मी हसले होते. पण जुलैपर्यंत उलगडलं ते खरोखर तेच निघालं! ती जागा म्हणजे सुकून गेलेल्या भूमध्य समुद्राचा तळ, सुमारे ११ हजार वर्षं पुढचा काळ, आणि बाहेरचा महासागर आत घुसलेला. काळ कसा ओळखला, तर रात्रीच्या चित्रांतल्या ताऱ्यांवरून, ज्येष्ठा नक्षत्राचा तारा तिथे नव्हताच. भूमध्य एकदा खरोखर जवळजवळ आटला होता आणि ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकच्या पाण्याने परत भरला, हे मला त्या कॉमिकमुळे कळलं. आजोबांना सांगायला गेले तर त्यांचं लक्ष नव्हतं, आमच्याच बांधाला कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, भोकं पाडलेली, चिखल टाकायला माणसं मिळत नव्हती. मग मी कॉमिक ठेवून पाट्या उचलायला गेले. त्यानंतर दोन वर्षं माझ्या डोक्यात फक्त खाजन, खाऱ्या जमिनीत येणारं कोरगुट भात, बांध कोणी राखायचा असले विषय. ती दोघं नवराबायको होती की मित्र, ते अजून मला माहीत नाही.

फोंडा
नवराबायकोच. इतक्या शांतपणे एकमेकांच्या शेजारी दुसरं कोण बसतं? आमच्या घरी यावरून आईने माझ्या स्थळांचा विषय काढला, पुढचं लिहीत नाही.

पेडणे
काळ्या टोपीवाला म्हणजे आमचा संकासूर आहे, मी हे दहा वर्षं सांगतोय पण कोणी ऐकत नाही. दशावतारात सुरुवातीच्या भागात येतो तो, काळा वेष, तोंडावर काळा मुखवटा, लाल जीभ बाहेर, चेहरा दिसतच नाही. वेद चोरणारा असुर, पण लोक हसतात त्यालाच, कारण तो समोर बसलेल्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, टर उडवतो आणि कोणी काही बोलू शकत नाही. लहानपणी मी त्याला घाबरून आजीच्या लुगड्यात शिरायचो. मोठेपणी कळलं की मुखवट्याच्या आत आमचा दुकानदार होता, उधारी मागतानाचा आवाज तोच, च्यायला.

डिचोली
'टाइम'मध्ये टोप्या घातलेले वेगळेच लोक भेटतात, त्यांची लिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, लोकांनी अक्षरं मोजून तक्ते केले होते. मीही नादाला लागलो, जमलं काहीच नाही. पण त्या नादात घरातली जुनी पेटी उघडली, त्यात मोडीतले कागद, पोर्तुगीजमधले कागद, आणि एक कागद ना मोडी ना पोर्तुगीज. एका जाणकारांनी बघून कंदवी लिपी सांगितलं, गोयकानडी म्हणतात तीच. आमच्याच माणसांनी लिहिलेलं आणि मला एक अक्षर येत नाही. वाचून घेतलं तर निघालं काय, कोणाला किती नारळ द्यायचे राहिले त्याचा हिशेब!

म्हापसा
मी होमस्टक या वेबकॉमिकच्या पंथातली, १३ एप्रिल २००९ ते १३ एप्रिल २०१६ चाललेलं. त्यात ट्रोल नावाची बारा परग्रहवासी पात्रं आहेत, बारा राशींची, आणि प्रत्येकाची टाइप करायची पद्धत वेगळी, कोणी अक्षरांच्या जागी आकडे घालतो, कोणी सगळं मोठ्या अक्षरांत. नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते कळतं. सवय अशी लागली की फॅमिली ग्रुपवर काकाच्या फोनवरून काकी लिहितेय हे मी तीन टिंबांवरून ओळखलं. काका तेव्हा कुठे होता हा प्रश्न मग सगळ्यांना पडला. मी ग्रुप सोडला.
आजीला बारा राशींचं सांगितलं तर म्हणाली, वृश्चिकवाला कोण, त्याच्यापासून जपून राहा.

मडगाव
पात्रांवर तर्क करायला वेबकॉमिकच कशाला पाहिजे? व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची मिस फोन्सेका आहे ना. पणजी मार्केटच्या भिंतीवरची चित्रं बघत आम्ही तासभर ठरवत होतो की यातला प्रत्येक जण काय विकत घ्यायला आलाय. मासे बाहेर गाडीत तसेच राहिले, दुपारी वासाने आठवलं.

दिवाडी
एक राहिलंच. 'टाइम'च्या शेवटी सगळे तराफ्यावर चढतात, ते बघून आजोबांची शंका, हे बांधलंय कशाने? दोर कुठला? आमच्याकडे माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला ते केवणीच्या झाडाच्या सालीचाच दोर लागतो म्हणायचे, नायलॉन चालायचा नाही. आता आजोबा नाहीत, दोर कोण काढणार? चवथ आली. कोणाला माहीत आहे का, केवणीचा दोर विकत कुठे मिळेल?

डिचोली
चवथीच्या आदल्या दिवसांत आमच्या बाजारात सत्तरी तालुक्यातल्या बायका माटोळीचं सामान घेऊन बसतात. पहाटे ये, कवंडाळं (माटोळीला बांधायची रानफळं) नऊपर्यंत संपतात. दोराचं त्यांनाच विचार.

पणजी
विषय पात्रांचा होता मंडळी. असो. दिवाडीवाली, डिचोलीला जाशील तर माझ्यासाठी माटोळीची दोन तोरिंगं (मोठी लिंबूवर्गी फळं) घेऊन ठेव, फेरीबोटीने येऊन नेतो.