फोन आला, आकडा आला: मूल धोक्यात आहे का, हे कॉम्प्युटरला विचारावं का?

निवांतपंत
अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर ज्या ॲलेघेनी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, तिथे ऑगस्ट २०१६पासून एक सोय आहे. 'अमक्या घरात पोराचे हाल होतायत' असा फोन आला की तो घेणाऱ्याच्या स्क्रीनवर १ ते २० मधला आकडा उमटतो आणि हिरव्याचा लाल होत जाणारा थर्मामीटर दिसतो. कुटुंबाच्या तुरुंग, व्यसनमुक्ती, मानसिक उपचार अशा सरकारी नोंदी चाळून हा आकडा निघतो. चौकशीला माणूस पाठवायचा का, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. मला हे पटतं. नाहीतर दिवसातला चाळिसावा फोन घेणाऱ्याच्या 'मला वाटलं'वर एखाद्या पोराचा जीव टांगायचा! हाणा आता.

तिखटमीठ
पंत, तो आकडा कशाचा, ते पाहिलंत का? पोराला मार बसेल का, याचा नाही. दोन वर्षांत सरकार त्याला घरातून काढून दुसरीकडे ठेवेल का, याचा. म्हणजे पोरगं हुशार आहे का ते सोडून मास्तर त्याला नापास करतील का, याचं भाकीत! मास्तरच दुजाभाव करत असले तर? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी मे २०१८पर्यंतचे आकडे तपासले. यंत्राच्या हिशेबाने 'सक्तीची चौकशी' (आकडा फार चढला की लागते ती) लागली असती तक्रार आलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ३२.५ टक्क्यांची आणि गोऱ्या मुलांपैकी २०.८ टक्क्यांची. शिवाय पैसेवाला बाप खाजगी दवाखान्यात, विम्यावर दारू सोडवतो. काउंटीच्या दप्तरी तो सोवळाच.

निवांतपंत
सक्ती नावापुरतीच, वरिष्ठ ती मोडू शकतात. त्याच अभ्यासात कर्मचारी साधारण एक तृतीयांश वेळा आकड्याच्या विरोधात गेले, हेही सांगा की.

तिखटमीठ
सांगतो. ते विरोधात गेले म्हणूनच दोन गटांतली तफावत कमी झाली. मग शहाणं कोण ठरलं? अमेरिकेतल्याच ओरेगन राज्यानं ॲलेघेनीवरून घेतलेलं असंच यंत्र २०२२ साली बंद केलं, ते उगाच नाही.

सातासमुद्रापारची
आकड्याचं तुम्ही बघा, मी डागाचं सांगते. अमेरिकेत लेक आठ महिन्यांची असताना पाळणाघरातल्या बाईंनी डायपर बदलताना तिच्या कमरेखालचा निळा डाग पाहिला आणि सरळ तक्रारीचा फोन लावला. आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतो हो तो, आजी त्याला जन्मखूण म्हणून मोकळी होते. तिथे तो मुका मार ठरला. (राज्य दुसरं, तिथे आकडाबिकडा नव्हता.) दोन दिवसांनी एक बाई घरी आल्या. फ्रिज उघडून पाहिला, बाळाला उघडं करून डाग दाबून पाहिला, डॉक्टरांचं जुनं टिपण वाचलं आणि गेल्या. मी रात्रभर रडले. आता वाटतं, आकडा असता तर आम्ही सुटलो असतो, कारण आमची सरकारी नोंदच नव्हती. पण खालच्या मजल्यावर सरकारी मदतीवर राहणारी एकटी आई होती. तिच्या बाळाला तोच डाग असता तर थर्मामीटर कुठवर चढला असता?

फोनवाला काका
मावशी, तुमचं खरं. पण मी इथे मुलांच्या एका हेल्पलाइनवर तीन वर्षं फोन घेतलेत. एका घराबद्दल चौथा फोन आला, तेव्हा कळलं की आधीचे तीन फोन तीन वेगळ्या लोकांनी तीन वेगळ्या वह्यांत लिहिले होते. प्रत्येकाला वाटलं, पहिलीच तक्रार आहे, बघू. पोराच्या पोटऱ्यांवर पट्ट्याचे वळ होते, जुने आणि नवे. वह्या जोडणारं काहीही त्या दिवशी मला चाललं असतं, यंत्रसुद्धा.

तिखटमीठ
काका, मग आधीच्या तीन तक्रारी स्क्रीनवर दाखवा ना! त्यांचा '१७' कशाला करायचा?

फोनवाला काका
कारण समोर तीन नसतात, तीस पानं असतात. आणि दुसरी लाइन वाजत असते.