मदत हवी आहे: सातारा जिल्ह्याच्या कोविड मृत्यूंचा ताळा जुळत नाही

कंदीपेढा:

नमस्कार मंडळी,

एप्रिल २०२० पासून मी आरोग्य विभागाच्या रोजच्या पत्रकातले आकडे उतरवून ठेवत होतो. आधी शाळेतल्या एका उरलेल्या दोनशे पानी वहीत, मग मुलाने एक्सेल शिकवल्यावर त्यात. रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची. पुणे मंडळात, म्हणजे आरोग्य विभागाच्या पुण्याकडच्या जिल्ह्यांच्या गटात, सोलापूरच्या दोन ओळी (जिल्हा आणि महानगरपालिका) झाल्या की सातारा. आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नाही, म्हणून एकाच ओळीत काम भागायचं. ठाणेकरांना सात ओळी बेरजेला घ्याव्या लागत, त्यामानाने मी सुखी.

आता गावच्या वाचनालयाला त्या दोन वर्षांची नोंद करून ठेवायची आहे. काम माझ्याकडे आलं आणि फाईल उघडली तर गोंधळ.

१. रोजचे मृत्यू बेरजेला घेतले की एकूण आकडा येत नाही. राज्याचंच बघा. १५ जून २०२० ला एकूण ४,१२८. १६ जूनला दिवसाचे ८१. एकूण मात्र ५,५३७! वहीत त्या ओळीपुढे मी तेव्हाच पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

२. काही दिवशी जिल्ह्याचा एकूण आकडा आदल्या दिवसापेक्षा कमी आहे. मेलेला माणूस परत कसा येईल? उतरवताना माझीच चूक झाली असं धरून दोन-तीन ठिकाणी मी आकडा 'दुरुस्त' केला. आता वाटतंय, करायला नको होता.

३. आमच्या गावातली कोविडने गेलेली अकरा माणसं आम्ही नावानिशी मोजली. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत त्यातली चारच आहेत, असं ग्रामसेवक तोंडी म्हणाले. माझी मावशीही त्यांत नाही. ती एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात एका दवाखान्यात गेली.

कुठला आकडा खरा धरू? जाणकारांनी सांगावं.

---

डेटाएंट्रीवाली:

दादा, पहिल्यांदा ते 'दुरुस्त' केलेले आकडे परत होते तसे करा. वहीत मूळ आकडा असेलच.

दुसऱ्या लाटेत मी एका जिल्ह्यात कंत्राटी डेटा एंट्रीला होते (कुठल्या ते विचारू नका). आकडा कमी होण्याचं साधं कारण म्हणजे पत्ता. स्वॅब देताना माणूस पुण्यातल्या भाच्याचा पत्ता सांगतो, नाहीतर प्रयोगशाळावाले आपलाच जिल्हा टाकून मोकळे होतात. मग पडताळणीत कळतं की पेशंट कोरेगावचा. पुण्यातून एक वजा, साताऱ्यात एक अधिक. एकाच माणसाची अँटीजेन आणि आरटीपीसीआर अशी दोनदा नोंद झालेली असायची, तीही काढावी लागे. सकाळी आम्ही याद्या घेऊन बसायचो. त्याच नावाचा, त्याच वयाचा माणूस दोनदा दिसला की फोन लावायचा. एकदा फोन मुलीने उचलला. बाबा आता आहेत का विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कालही विचारलं होतंत." त्यानंतर कितीतरी दिवस मी फोन लावायचं काम शेजारच्या टेबलावर ढकलत होते.

तर उणे आकडा ही तुमची चूक नाही, तो ठेवा. शेजारी शेऱ्याचा एक रकाना करा.

आणि पत्रकात 'इतर कारणांमुळे मृत्यू' असा वेगळा रकाना होता, तो घेतला होतात का? बाधित वजा बरे वजा मृत्यू वजा हा रकाना, असं केलं की उपचाराधीन रुग्ण यायला हवेत. ओळ बरोबर उतरली का ते याने लगेच कळतं.

---

सांख्यिकी_काका:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीतच आहे. ५,५३७ मधून ४,१२८ आणि ८१ वजा करा. १,३२८ राहतात. हे मृत्यू १६ जूनचे नव्हेतच. रुग्णालयांकडून उशिरा आलेल्या आणि पडताळणीत सापडलेल्या आधीच्या नोंदी त्या दिवशी एकदम मिळवल्या. त्यात मुंबईचे ८६२, उरलेल्या राज्याचे ४६६. पुढेही असं होत राहिलं. २० जुलै २०२१ ला राज्याने जुने ३,५०९ मृत्यू मिळवले आणि दुसऱ्या दिवशी देशाचा त्या दिवसाचा आकडा ३,९९८ झाला. बिहारने त्याच वर्षी जूनमध्ये आपला एकूण आकडा ५,४५८ वरून ९,४२९ केला, तेव्हा देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू दिसले. लाट ओसरत होती आणि आलेखात सुळका!

म्हणून तारखेचे दोन रकाने हवेत: मृत्यू कधी झाला आणि नोंद कधी झाली. तुमच्याकडे फक्त दुसरी तारीख आहे. ते १,३२८ अंदाजाने मागच्या दिवसांत वाटून टाकायचा मोह होईल, तो टाळा. 'मागील नोंदी' असा तिसरा रकाना करून तिथे ठेवा, बेरीज आपोआप जुळेल. सात दिवसांची सरासरी काढताना मात्र तो रकाना धरू नका.

दुसऱ्या लाटेतल्या पत्रकांत मृत्यूंच्या आकड्याखाली लिहिलेलं असायचं, यांतले किती गेल्या ४८ तासांतले, किती आठवड्याभरातले आणि किती त्याहून जुने. ते वाक्य उतरवलं आहे का?

---

कंदीपेढा:

नाही हो! रोज नजरेखालून जायचं, पण आकडे तक्त्यात असतात अशी समजूत. पीडीएफ बऱ्याचशा फोनमध्ये आहेत, आता पुन्हा पहिल्यापासून बसतो.

---

अविश्वासराव:

कशाला एवढी मेहनत? सगळे आकडे खोटेच होते. जानेवारी २०२२ मध्ये राज्याचे अधिकृत मृत्यू १,४१,७३७ आणि वारसांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी अर्ज २,१३,८९०. गुजरातेत १०,०९४ मृत्यूंवर ८९,६३३ अर्ज. यातच काय ते समजा.

---

सांख्यिकी_काका:

राव, आकडे बरोबर दिलेत, पण दोन्हींची मोजपट्टी एक नाही. पन्नास हजारांच्या मदतीसाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला मान्य केलेली व्याख्या सैल होती. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत, अगदी घरी मृत्यू झाला तरी पात्र. शिवाय अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे. एकाच मृत्यूसाठी दोन वारसांचे अर्जही त्यात असणार. तरी फरक एवढा मोठा आहे की मोजणी कमी झाली हे मीही नाकारत नाही. देशात सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची नोंद २०२० मध्ये ८१.२ लाख होती, २०२१ मध्ये १.०२ कोटी. नोंदणी सुधारली म्हणून थोडी वाढ धरली, तरी बाकीची कुठून आली? पण मोजणी कमी होती म्हणून जी झाली तीही फेकून द्यायची का? मग तुलना कशाशी करणार?

आता धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यात मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा, माणूस राहतो तिथे नाही. म्हणजे मावशींची नोंद पुणे महानगरपालिकेत. दाखल्यावर बघा, नोंदणीचं ठिकाण पुणे असेल आणि कायमचा पत्ता गावचा. आरोग्य विभागाचं पत्रक मात्र राहत्या पत्त्यावरून जिल्हा ठरवायचं. त्यामुळे कुणी काही लपवलं नाही असं गृहीत धरलं, तरी गावची नोंदवही आणि जिल्ह्याची ओळ यांचा मेळ बसणार नाही.

---

डेटाएंट्रीवाली:

काकांना अनुमोदन. पण पत्ता पुण्यातलाच राहिला असेल तर मावशी पत्रकातही पुण्याच्याच ओळीत गेल्या असतील. गावागणिक यादी करायची तर दाखले गोळा करण्याला पर्याय नाही.

आणि पुढेमागे सगळ्या राज्याची फाईल जोडणार असाल तर जिल्हा नावाने जोडू नका, सरकारी सांकेतांक वापरा. तुमच्या जुन्या ओळींत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असेल आणि नव्या फाईलींत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. दर लाखामागे मृत्यू काढायचे तर पालघर सांभाळा, तो जिल्हा २०१४ चा. २०११ च्या जनगणनेत तो ठाण्यातच आहे.

---

कंदीपेढा:

दाखला काढून बघितला. काका म्हणतात तसंच, नोंदणी पुण्याची, खाली पत्ता आमच्या वाडीचा. इतकी वर्षं कपाटात होता, कामापुरता झेरॉक्स केला आणि ठेवून दिला, वाचला असा कधी नव्हता.

तर आता असं करतोय. जिल्ह्याची फाईल पत्रकाप्रमाणे, उणे आकड्यांसकट. गावची यादी वेगळी, तिला रकाने चार: नाव, मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण, नोंदणीचं ठिकाण. अकरापैकी सहा घरांनी दाखला दाखवायचं कबूल केलंय. एका घरी अजून विचारायचा धीर होत नाही. सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे. बघू देतील का?

---

डेटाएंट्रीवाली:

तोंडी विचारू नका. वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या.