पदवीच्या प्रकल्पासाठी शुक्राणूंचा अभ्यास

प्रश्न: मी सांगलीत बी. एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकते. पुरुषांच्या प्रजननक्षमतेशी संबंधित प्रकल्प म्हणून उंदरांच्या शुक्राणूनिर्मितीवर उष्णतेचा होणारा परिणाम तपासावा, असे मनात आहे. चार महिन्यांत ते जमेल का?

उत्तर १: उंदरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ३५ दिवस लागतात, माणसात साधारण ७४, त्यामुळे वेळ पुरेल, पण जिवंत उंदरांवरील प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते आणि तिची वाट पाहण्यातच सत्र सरते. त्यापेक्षा खाटकाकडून बोकडाचे वृषण अधिवृषणासह (वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी नळी) आणावे, अधिवृषणाच्या शेपटाकडील भागाला छेद देऊन त्यातील द्रव ३७ अंशांच्या सलाइनमध्ये मिसळावा आणि इओसिन-निग्रोसिनने रंगवावा; मेलेले शुक्राणू गुलाबी दिसतात, जिवंत पांढरेच राहतात.

उत्तर २: काचपट्टीही कोमट हवी. आमच्या वेळी डिसेंबरच्या सकाळी गार काचपट्टीवर सगळे निश्चल दिसले आणि आम्ही नमुना मृत ठरवून फेकला (खाटकाला उगाच दोष दिला, तो वेगळाच).

उत्तर ३: शुक्राणू घडताना पाहायचे असतील, तर उसाच्या बांधावरचा नर नाकतोडा पुरेसा आहे. त्याच्या वृषणनलिका अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये रंगवून हलक्या दाबल्या, की अर्धसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या) अवस्था आणि लांबट होत जाणाऱ्या पेशी एकाच काचपट्टीवर सापडतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, सर. बोकडाच्या नमुन्यावरच वेगवेगळ्या तापमानांना हालचाल मोजते.