हातशिवणीची गोधडी: चौकोन लहान का भरतो?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): अमेरिकेतल्या जेन स्टिकल यांनी १८६३ मध्ये केलेल्या गोधडीबरहुकूम हातशिवण सुरू आहे. मूळ गोधडीत १६९ चौकोन, ५,६०२ तुकडे. चौकोन साडेचार इंच हवा, बारीक तुकड्यांचे सव्वाचारच भरतात. त्रिकोणांची टोकंही बुजतात.

उत्तर: ताई, पुठ्ठ्याचा साचा वापरता का? वीस-पंचवीस तुकड्यांनंतर त्याची कड झिजते. जुन्या एक्स-रे फिल्मचा कापा. पेन्सिल टोकदार ठेवा, रेघ उलट्या बाजूला ओढा आणि रेघेवरच टाका घाला. प्रत्येक शिवणीत अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) गेलं, की चार शिवणींत पाव इंच गेलंच!

टोकाचं कारण वेगळं. धावदोरा रेघेच्या कोपऱ्यावर थांबवून तिथे एक उलटा टाका घ्या. शिवणीबाहेरची पाव इंचाची दाब (जादा कड) मोकळी सोडा, तिच्यावरून शिवू नका. तिरपी कड ओढू नका, इस्त्री फक्त दाबायची, घासायची नाही.

दुसरं उत्तर: काम वर्षानुवर्षं चालणार, म्हणून पांढरं कापड एकाच थानातून आधीच घ्या, नंतर तीच छटा मिळत नाही. लाल कापड धुऊन, ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून रंग जातो का ते बघा. पावसाळ्यात तयार चौकोन प्लास्टिकमध्ये नको, सुती पिशवीत ठेवा.

ताई: साच्याची कड खरंच गोल झालीय. फिल्मचा कापते.